पुस्तकं वाटण्याआधी: गावशाळेतल्या मुलांची वाचनगोष्ट कशी ऐकावी

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन परजिल्ह्यातून यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोलीकडे रुजू झालेले शिक्षक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच विचारतात, "मुलं वाचत नाहीत, काय करू?" मीही हाच प्रश्न घेऊन आले होते. पांढरकवड्याच्या पुढे कापसाच्या पट्ट्यातली सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा. निम्मी मुलं वऱ्हाडी बोलणारी, काही बंजारा तांड्यावरची, काही जवळच्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. पहिल्या दिवाळीत घरून दोन खोकी पुस्तकं आणली आणि वर्गात दोरी बांधून टांगली. पंधरा दिवस मुलांनी चित्रं पाहिली, मग दोरीवर धूळ बसायला लागली.

चूक पुस्तकांची नव्हती. वाचन म्हटल्यावर त्या मुलांच्या मनात काय उभं राहतं, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. सहावीत आलेल्या मुलामागे वाचनाचा सहा वर्षांचा इतिहास असतो. कुठे शाबासकी, कुठे छडी, कुठे आजीच्या मांडीवर ऐकलेली पोथी. तो कळल्याशिवाय हातात दिलेलं पुस्तक म्हणजे आजार न विचारता दिलेलं औषध. पुढच्या पायऱ्या मी चौथी ते सातवीच्या मुलांबरोबर करून पाहिल्या आहेत. वर्षभरात कधी काय करायचं, तेही सांगते.

सुरुवात कधी करायची

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पहिले पंधरा दिवस प्रवेश, पाठ्यपुस्तकं, गणवेश यातच जातात. जुलैच्या मध्याला पेरण्या आटोपलेल्या असतात आणि हजेरी बरी असते. पहिल्या चार पायऱ्या तेव्हा सुरू करून पोळ्याच्या आत संपवा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि मागोमाग कापसाचा वेचा सुरू झाला की पटावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांचा मेळ बसत नाही.

काय काय लागेल

- प्रत्येक मुलाला दोन कोरे कागद (पाठकोरे असले तरी चालतात) आणि एक चाळीस पानी वही
- जाड सुतळी, कपड्यांचे चिमटे, खडू
- तीस-चाळीस पातळ पुस्तकं; कुठून मिळवायची ते पाचव्या पायरीत आहे
- पुस्तक घरी नेण्यासाठी कापडी पिशव्या. जुन्या साडीच्या गावातच शिवून मिळतात
- मुख्याध्यापकांची परवानगी, आणि पुस्तकं मुलांच्या घरी जातील असा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेतला ठराव
- पुस्तक देण्याघेण्याची साधी नोंदवही, तारीख आणि मुलाची सही एवढीच

ठरावाचा कंटाळा करू नका. बहुतेक शाळांत पुस्तकांचं कपाट कुलपात असतं आणि त्यामागे साठा नोंदवहीची भीती असते. पुस्तक हरवलं तर भरपाई कोण करणार? वापरून फाटलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ती साठ्यातून रीतसर कमी करता येतात, ही गोष्ट सभेत बोलून कागदावर घ्या. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडतो आणि किल्ली तुमच्याकडे येते.

१. आधी स्वतःची गोष्ट सांगा

मुलांना विचारण्याआधी त्यांच्यासमोर खाली बसून तुमची वाचनाची गोष्ट खरीखुरी सांगा. कोणी वाचायला शिकवलं, कधी कंटाळा आला, कोणतं पुस्तक अर्धवट टाकलं. मी सांगितलं की दहावीनंतर तीन वर्षं मी अभ्यासाबाहेरचं एक पानही वाचलं नव्हतं. एक पोरगा लगेच म्हणाला, "म्हंजे तुमालेही बोर होते?" त्या दिवसापासून मुलं मला खरं सांगायला लागली. वाचनाचे फायदे सांगणारं भाषण नको. ते त्यांनी दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला ऐकलेलं असतं.

२. येत नाही की आवडत नाही, हे वेगळं काढा

ही पायरी गाळली तर पुढची मेहनत वाया जाते. "वाचत नाही" म्हटलं जाणारी मुलं तीन तऱ्हेची असतात. काहींना जोडाक्षरं जमत नाहीत. त्यांना रोज वीस मिनिटं अक्षर-शब्दांचा सराव हवा, नुसती गोडी लावून भागणार नाही. काहींना वाचता येतं पण नको वाटतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. तिसरी फार सहज नजरेतून सुटतात: त्यांना दिसतच नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा पुस्तक नाकाशी धरायचा आणि ओळ सोडून भलतीच ओळ वाचायचा. मी त्याला वर्षभर "लक्ष दे" म्हणत राहिले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत आलं तेव्हा कळलं की त्याला चष्मा लागतो. हे पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. शंका असलेल्या मुलांची नावं आधीच लिहून ठेवा आणि त्या दिवशी ती मुलं हजर राहतील हे पाहा. नजर ठीक, सरावही झाला, तरी अक्षरं उलटसुलट होत असतील तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा. अध्ययन अक्षमतेचा शिक्का आपण स्वतः मारू नये.

३. वाचनरेषा काढा

कागद आडवा धरायचा. मधोमध एक सरळ रेघ. डावं टोक म्हणजे अंगणवाडी, उजवं टोक म्हणजे आज. वाचताना किंवा कोणी वाचलेलं ऐकताना जेव्हा बरं वाटलं तेव्हा रेघेच्या वर ठिपका, वाईट वाटलं तेव्हा खाली. ठिपके जोडले की डोंगर-दऱ्या तयार होतात. प्रत्येक ठिपक्याजवळ एक-दोन शब्द किंवा चित्र. ज्याला लिहायचं नाही त्याने नुसतं सांगितलं तरी चालेल.

याला दोन तास द्या, आनंददायी शनिवारचे दिले तर उत्तम. मुलं सुरुवातीला एकमेकांचं पाहून काढतात, तेव्हा त्यांना अंगणात, लिंबाखाली, लांब लांब बसवा.

सहावीतल्या एका मुलीचा कागद अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. अंगणवाडीत मोठा डोंगर, तिथे "आबा" लिहिलेलं. आजोबा रात्री पोथी वाचायचे आणि ती बोट ठेवून बसायची. मग तिसरीत रेघ एकदम कागदाच्या तळाला गेलेली, तिथे एकच शब्द: "शाया". मी शेजारी बसून विचारलं, इथे काय झालं गं? ती खालमानेनं म्हणाली, "म्याडम, तुमीच थांबवलं होतं मले. शाळाले शाया म्हनलं म्हनून. सारे हासले."

मला ते आठवतही नव्हतं. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो: डोया, काया, शाया. 'ण'चा 'न' होतो: पानी, कोन. त्या मुलीने शब्द बरोबर ओळखला होता, अर्थ तिला कळला होता, फक्त तो तिच्या घरच्या उच्चारात बाहेर आला. मी नवीन होते, मला ती चूक वाटली आणि मी तीनदा तिच्याकडून 'शाळा' म्हणवून घेतलं. त्यानंतर तीन वर्षं ती मोठ्याने वाचलीच नाही. मी तिथेच तिची माफी मागितली.

म्हणून नवीन आलेल्यांना हात जोडून सांगते: वाचताना मूल घरच्या बोलीत उच्चार करत असेल तर मध्ये तोडू नका. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत वाढलेल्या मुलांचंही तेच, आणि गोंडी, कोरकू, कोलामी, माडिया बोलणाऱ्यांसाठी तर प्रमाण मराठी ही शाळेत येऊन शिकलेली भाषा आहे. वाचून झाल्यावर "काय झालं गोष्टीत?" एवढं विचारा. अर्थ सांगता आला तर वाचन झालं. उच्चाराचं काम वेगळ्या तासाला, सगळ्यांसाठी मिळून, गाण्यातून करता येतं.

या पायरीतली आणखी एक जोखीम. रेषांमध्ये घरातलं दुःख येतं: बापाची दारू, कुणाचा मृत्यू, मार. हे कागद भिंतीवर लावू नका, परिपाठात वाचू नका, फोटो काढून गटावर टाकू नका. "हा कागद तुझा आहे, दाखवायचा की नाही हे तू ठरव," असं आधी सांगा आणि शब्द पाळा. मूल संकटात आहे असं दिसलं तर मात्र गप्प बसू नका. त्याला विश्वासात घेऊन मुख्याध्यापकांशी बोला. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

४. गावातलं वाचन शोधायला फिरा

"तुझ्या घरी कोण वाचतं?" विचारलं की बहुतेक मुलं "कोनी नाई" म्हणतात. ते खरं नसतं. जोडीजोडीने मुलांना गावात पाठवा आणि दिसेल ते वाचनीय वहीत लिहून आणायला सांगा. आमच्या यादीत आलेल्या काही गोष्टी: एसटीची पाटी, रेशन दुकानाचा फळा, लग्नपत्रिका, हातपंपावरचा क्रमांक, बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, कृषी केंद्राचं बिल, बचत गटाचं रजिस्टर, मंदिराच्या पायरीवरची देणगीदारांची नावं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे असाल तर पुढे दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांची पोस्टरंही या यादीत जोडा. मुलं ती एका दमात वाचतात आणि नटांची नावंही सांगतात.

याच फेरीत मला माझ्या वर्गातला सर्वांत जबाबदार वाचक सापडला. "मी काईच वाचत नाई" असं लिहिणारा सातवीतला मुलगा. त्याच्या वडिलांना अक्षर येत नव्हतं. कीटकनाशकाच्या डब्यासोबत जी घडी घातलेली माहितीपत्रिका येते ती हाच मुलगा त्यांना वाचून दाखवायचा: पंपाला किती मिली, कोणत्या पिकावर, फवारल्यावर किती दिवस वावरात जायचं नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून त्याच्या घरी पत्रिका वाचल्याशिवाय डबा उघडत नव्हते. इतकं जबाबदारीचं वाचन करणारा मुलगा स्वतःला वाचक समजत नव्हता, कारण वाचन म्हणजे मराठीच्या पुस्तकातला धडा असं त्याला वाटायचं. मी त्याला फळ्यावर रंगीत त्रिकोण काढून समजावून सांगायला लावलं: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता.

सावध राहा: कीटकनाशकांचे रिकामे डबे, बाटल्या मुलांना शाळेत आणायला सांगू नका. बियाण्यालाही औषध चोळलेलं असतं, म्हणून बियाण्याचं पाकीटही नको. लेबलचा फोटो मोठ्या माणसाने मोबाइलवर काढावा, तेवढा पुरतो.

घरातल्या एका मोठ्या माणसाची मुलाखतही याच पायरीत घ्या. तीन प्रश्न बास आहेत: तुम्हाला कोणी वाचायला शिकवलं? शाळा कशी सुटली? तोंडपाठ काय येतं? ज्या आज्यांना एक अक्षर येत नाही त्यांना शेकडो ओव्या आणि भुलाबाईची गाणी पाठ असतात. ती मुलांनी लिहून आणली की वर्गात वाचायला असा मजकूर मिळतो जो पहिल्यांदाच कागदावर आलेला असतो. मोबाइलवर आवाज भरायचा असेल तर आजीला विचारून भरा.

५. निवड मुलांची

आता पुस्तकं बाहेर काढा. सतरंजीवर मुखपृष्ठं वर करून पसरा आणि अर्धा तास मुलांना नुसतं हाताळू द्या. मी तीन नियम फळ्यावर लिहिते: आवडलं नाही तर परत ठेवता येईल, शेवटचं पान आधी वाचता येईल, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा नेता येईल. पुस्तक झेपेल की नाही हे पाहायला बोटांची युक्ती सांगा. कोणतंही एक पान वाचायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं, मूठ वळली तर ते पुस्तक थोडे दिवस थांबू द्यायचं. पण मुलाला तरीही तेच हवं असेल तर देऊन टाका. ट्रॅक्टरच्या चित्रांसाठी जाडजूड पुस्तक नेणारा मुलगा पंधरा दिवसांनी त्यातल्या चित्रांखालच्या ओळी वाचत होता.

पुस्तकं कुठून आणायची? शाळेचं कपाट आधी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या चित्रगोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. त्या उतरवून घेऊन छापायला मुभा आहे. आम्ही तालुक्याला जाताना पेन ड्राइव्हवर नेतो आणि काळ्या-पांढऱ्यात छापून मुलांकडून रंगवून घेतो. नेट नसलेल्या पोडावर हाच मार्ग चालतो. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. आणि जवळच्या मोठ्या गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे का, ते पाहा. ही वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात. 'ड' वर्गाचं छोटं वाचनालयही शाळेला पुस्तकांचा एक गठ्ठा महिनाभर द्यायला बहुधा तयार होतं. ग्रंथपालांना पत्र देऊन प्रत्यक्ष भेटा. फोनवर हे काम होत नाही.

६. वाचनवही, लाल शाईशिवाय

चाळीस पानी वहीत आठवड्याला तीन ओळी. सारांश नको, तात्पर्य नको. "हे वाचताना मला काय आठवलं" एवढंच. बोलीत लिहिलं तरी चालेल. एका मुलीने नदीच्या गोष्टीवर लिहिलं होतं: "आमच्या नाल्याले फक्त पोळ्यालोग पानी रायते. या नदीले बारा महिने कसं काय?" यात शुद्धलेखन दुरुस्त करायला बसलात तर तो प्रश्न मरतो. मी खाली निळ्या शाईने लिहिलं, "मलाही हेच वाटलं. तुझ्या आजीच्या लहानपणी नाला किती दिवस वाहायचा?" पुढचं पान तिने आजीला विचारून भरलं.

वही सगळ्यांची रोज तपासायची नाही. रोज पाच वह्या, आणि प्रत्येकीला एक तरी खरं उत्तर.

इथे एक सापळा आहे. कोणीतरी सुचवतं की सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवा. माझ्या एका वर्षात ते ठेवलं होतं. मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधायला लागली आणि वहीत एकमेकांच्या ओळी उतरल्या. त्याच धर्तीवर, वाचनाच्या गतीची चाचणी आणि हा तास एकत्र करू नका. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या चाचण्या घ्याव्याच लागतात, त्या त्यांच्या वेळी घ्या. अधिकारी भेटीला आले तर त्यांच्यासमोर मुलाला अचानक उभं करून वाचायला लावू नका. कोण वाचणार हे मुलांनाच ठरवू द्या.

७. वेचणीच्या दिवसांत

ऑक्टोबरपासून मोठी मुलं मायबापाबरोबर वावरात जातात किंवा घरी लहान भावंडं सांभाळतात. मेळघाटासारख्या भागात तर दिवाळीनंतर घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात. या मुलांना गैरहजर म्हणून सोडून देऊ नका. कापडी पिशवीत दोन पुस्तकं, वही आणि पेन्सिल घालून आधीच हातात द्या. पुस्तक मळेल, चहाचा डाग पडेल. परत आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलू नका. लहान भावंडाला वाचून दाखवणं हा या दिवसांतला उत्तम स्वाध्याय आहे. माझ्याकडे परत आलेल्या एका पुस्तकाच्या पानापानांत कापसाचे धागे अडकलेले होते. तिने ते दुपारच्या सुट्टीत वावरात, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) बाभळीखाली वाचलं होतं.

८. दुसरी रेषा

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होण्याआधी जुना कागद मुलाच्या हातात द्या आणि जुलैपासूनची रेघ पुढे काढायला सांगा. सगळ्यांची वर जाणार नाही. माझ्या वर्गात दोघांची खालीच गेली. एकाची आई वारली होती, आणि दुसऱ्याला शेवटपर्यंत पुस्तक नकोच होतं, त्याला बैल आणि गाणी हवी होती. त्याच्याकडून आम्ही पोळ्याच्या झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची पदं, लिहून घेतल्या, ती त्याची वही.

"शाया" लिहिणाऱ्या मुलीने जुन्या तळाच्या ठिपक्यापासून एक तिरकी रेघ वर नेली होती. वरच्या टोकाला तिने लिहिलं होतं: "आबाले आता दिसत नाई. पोथी मी वाचतो."

सातवी झाल्यावर ही मुलं दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात. मुली बहुधा मानव विकास मिशनच्या, शाळकरी मुलींसाठीच्या बसने. एप्रिलमध्येच त्या शाळेत जाऊन ग्रंथालयाचा तास कधी असतो, पुस्तक घरी देतात का, हे विचारून या. दोन्ही रेषा आणि वाचनवही पिशवीत घालून मुलाला द्या. शाळेच्या फायलीत ठेवू नका. नव्या वर्गशिक्षकांसाठी सोबत चार ओळींची चिठ्ठी, मुलाला वाचून दाखवून मगच: याला काय आवडतं, घरी कोणती भाषा बोलतो, मोठ्याने वाचायला सांगितलेलं चालतं की नाही.